सोऱ्याची चकती

ओक ट्री रोडवर चकल्या बारा महिने मिळतात, नवे सोरेही मिळतात. मिळत नाही ती घरच्या जुन्या पितळी सोऱ्यात नेमकी बसणारी चकती. सासूबाईंच्या सोऱ्याची चांदणीची चकती सातारा ते आयसेलिन या प्रवासात कुठेतरी गहाळ झाली. दुसरा सोरा घेणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून मंडळी, यंदाचं सदर चकतीवर.

ओपनएसकॅड नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात रेघा ओढायच्या नसतात. घनाकृती मिळवायच्या किंवा वजा करायच्या. शाळेत संचांचे संयोग आणि छेद शिकलो, तेच इथे ठोकळ्यांवर. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून या क्रियांना बूलियन म्हणतात. (त्याची बायको आपल्या एव्हरेस्टसाहेबांची पुतणी!)

चकती म्हणजे 52 मिमी व्यासाचा, 3 मिमी जाडीचा बसका दंडगोल. चांदणीसाठी तीन लांबट शंकरपाळ्या 60-60 अंशांनी फिरवून एकमेकींवर ठेवल्या, त्यांचा संयोग केला आणि तो दंडगोलातून वजा केला. क्रम महत्त्वाचा: पहिला आकार उरतो, पुढचे त्यातून जातात. उलट केलंत तर चकतीऐवजी दोन पातळ चांदण्या हाती येतील. दोन का? कारण चांदणी मुद्दाम 5 मिमी जाड घ्यायची, वर-खाली एकेक मिमी बाहेर. ती चकतीइतकीच जाड असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकाच पातळीत येतात आणि तिथे पापुद्रा ठेवायचा की काढायचा, याचा प्रोग्रामला घोळ होतो. जोडतानाही तसंच. चकती फिरू नये म्हणून काठाला दिलेली खीळ नुसती टेकवू नये, अर्धा मिमी आत घुसवावी.

नुसत्या वजाबाकीचा थोर नमुना आपल्याकडेच आहे: वेरूळचं कैलास लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी ते एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलं. जास्त निघालेला दगड परत लावायची सोय नाही. आम्हाला निदान 'अनडू' आहे.

थ्रीडी प्रिंटरवरची प्लास्टिकची चकती फक्त मापापुरती. ते प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं आणि थरांच्या खाचांत पीठ अडकतं. माप जुळल्यावर तीच फाइल लेझर कटिंगवाल्याला देऊन स्टीलची करून घ्यायची होती. सासूबाईंनी प्लास्टिकचीच चकती उजेडाकडे धरून पाहिली. "काटे बोथट आहेत गं. चकलीला काटा नको का?"

शंकरपाळीची रुंदी एक मिमीने कमी केली. सहाही काटे आपोआप टोकदार झाले. फाइलमध्ये तयार आकार नसतो, तो करायच्या पायऱ्या असतात.

फाइल हवी असेल त्यांनी आपापल्या सोऱ्याचा आतला व्यास मोजून कळवावं. पट्टीने नको, कॅलिपरने.