आय डिडंट वेंट

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ जिन्यातल्या दिव्याविषयी बोलायला उठले. "वुई शुड डिस्कस अबाऊट द लाइट," एवढे म्हणाले मात्र, पहिल्या रांगेतले निवृत्त प्राध्यापक विंचू चावल्यासारखे उभे राहिले. "डिस्कसपुढे अबाऊट लागत नाही!" पुढचा पाऊण तास सभेत 'अबाऊट'वर चर्चा झाली. जिन्यात अजून अंधार आहे.

या प्राध्यापकांच्या जातीवर माझा राग आहे. त्यांचे इंग्रजी चांगले असते म्हणून नव्हे. मराठीकडे त्यांनी कधी नीट पाहिलेले नसते म्हणून. अहो, आपल्या इंग्रजीतल्या बऱ्याचशा चुका म्हणजे सूट-बूट घातलेले शुद्ध मराठी व्याकरण असते! आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो. हा 'बद्दल' इमानी गड्यासारखा 'अबाऊट' होऊन पाठोपाठ येतो. 'डिस्कस'च्या पोटात तो आधीच बसला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

'पासून'चेही तेच. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. एका 'पासून'मध्ये आपला संसार भागतो. इंग्रजाला सुरुवातीचा दिवस सांगायला 'सिन्स' आणि मुदत सांगायला 'फॉर', अशी दोन वेगळी भांडी लागतात. मग आपण 'सिन्स टू इयर्स' म्हणतो आणि लोक हसतात.

'आय डिडंट वेंट' घ्या. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'त असतो. इंग्रजीत तो 'डिड'ने आधीच वाढून घेतलेला असतो. मागून येणाऱ्या 'गो'ने मुकाट्याने कोरडे राहायचे. आपण त्यालाही वाढतो. पंक्तीत आग्रह करायची सवय, दुसरे काय! 'वन ऑफ माय फ्रेंड'सुद्धा आपल्या 'माझा एक मित्र' या साध्या एकवचनातून आलेला आहे. इंग्रज मात्र आधी सगळे मित्र रांगेत उभे करतो आणि मग त्यातला एक बाहेर काढतो. म्हणून तिथे 'फ्रेंड्स'.

तेव्हा शिकणाऱ्याने नियमांचे पुस्तक जरा बाजूला ठेवावे. मी एक वही केली आहे. चूक झाली की ती लिहायची आणि शेजारी तिचे मराठी आईबाप शोधायचे. ते एकदा सापडले की ती चूक पुन्हा करताना आपलीच जीभ अडखळते. शब्द पाठ करायचे तेही जोडीने. 'मॅरीड'बरोबर 'टु' पाठ करावा, म्हणजे 'च्याशी'ला धरून 'विथ' आत शिरत नाही.

'द'चे मात्र माझ्याकडे औषध नाही. तो मराठीत नाहीच, त्यामुळे आईबाप शोधायचे कुठे? शाळेत मास्तरांनी सांगितले, जगात एकच असेल त्याच्यापुढे 'द' लावायचा. सूर्य एक, म्हणून 'द सन'. मी श्रद्धेने 'द गॉड' लिहिले आणि छडी खाल्ली. तेव्हापासून मी वाचतो पुष्कळ आणि 'द' अंदाजाने घालतो, कोथिंबिरीसारखा.

'कझिन ब्रदर' तर मी सुधारणारच नाही. ज्यांच्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ यांना मिळून एकच शब्द, त्यांनी आम्हाला नाती शिकवू नयेत.

पण मूळ तक्रार हसण्याची आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले २००० साली. आमच्या हिला ते पाचवीत भेटले, आणि तेही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेत पालकसभा होती. मुलगा-सून ऑफिसात, म्हणून ही निघाली. नातू दारातच म्हणाला, "आजी, तिथे इंग्लिश बोलू नकोस हं. सगळे हसतात."

शाळेच्या नळाला दोन महिने पाणी नव्हते. सभेला आलेल्या सगळ्या पालकांना ते ठाऊक होते आणि त्यांतल्या बहुतेकांचे इंग्रजी अस्खलित होते. सगळे अस्खलितपणे गप्प बसले. शेवटी ही उठली. "टीचर, सिन्स टू मंथ्स टॅप इज नॉट हॅविंग वॉटर. यस्टरडे माय ग्रँडसन डिडंट ड्रँक." मागे दोघी-तिघी हसल्या म्हणे. बाईंनी मात्र लिहून घेतले.

सोमवारी नळाला पाणी आले. संध्याकाळी दप्तर टाकता टाकता नातवाने सांगितले, "आजी, सिन्स नाही गं, फॉर टू मंथ्स. आणि ड्रँक नाही, ड्रिंक."

"बरं," ही म्हणाली. "पाणी कसं आहे?"

"गार आहे."