कशावरून?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्या अशनीने खोदले, त्याला पडताना पाहिलेला कोणी नाही. पण तेथील बेसॉल्ट खडकांत प्रचंड आघातानेच होऊ शकणारे बदल सापडले आणि १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते पुराव्यादाखल मांडले.

कृष्णद्रव्याची गोष्टही अशीच आहे. कालेय तारकासमूहात सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षांवर एक खुजी दीर्घिका आहे. १९८३ साली मार्क अ‍ॅरनसन यांनी तिच्यातील तीन ताऱ्यांच्या वर्णपटांवरून त्यांचे वेग काढले. त्या वेगांत इतकी तफावत होती, की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा उलगडा होईना. तेथे न दिसणारे द्रव्य असावे, असे त्यांनी सुचविले.

तीनच ताऱ्यांवरून एवढे मोठे अनुमान? ही शंका रास्त होती. म्हणून पुढे शेकडो ताऱ्यांचे वेग मोजले गेले आणि अनुमान टिकले. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे मात्र अजून कळलेले नाही.

दिसत नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. तशीच कोणी सांगितली म्हणून खरीही ठरत नाही. ती मोजून तपासता आली पाहिजे. तेव्हा गुरुजनहो, ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्याबरोबर शोधायला बसा.