महायुद्धं संपली, मुंबईतलं भाडं मात्र तिथेच का राहिलं?

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. त्या दिवशीच्या बातम्यांत आनंदाश्रू होते, राजकीय श्रेयवाद होता आणि चाळ संस्कृती संपल्याची हळहळही होती. ही चाळ मुळात उभी का राहिली, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. त्यासाठी थेट पहिल्या महायुद्धात जावं लागतं.

१९१४ ते १९१८ या काळात मुंबई हे ब्रिटिशांच्या युद्धाचं मोठं बंदर होतं. मेसोपोटेमियाकडे जाणारं सैन्य आणि सामान इथून निघायचं. गिरण्या जोरात होत्या, गोदीत काम होतं, त्यामुळे कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. लोखंड आणि इमारतीचं सामान मात्र युद्धाकडे वळलेलं, म्हणून नवी घरं जवळपास थांबली. माणसं वाढली आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या, की भाडं वाढतंच. भाडेकरूंची ओरड इतकी झाली की १९१८ मध्ये सरकारला भाडं रोखणारा कायदा आणावा लागला. कायद्याच्या नावातच ‘युद्ध’ हा शब्द होता. दोन वर्षांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, स्थापन झालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून या खात्याने २०७ चाळी बांधल्या.

पहिला भाडे कायदा विसाव्या दशकाच्या अखेरीस संपला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर आलेलं भाडे नियंत्रण मात्र संपलंच नाही.

तात्पुरता कायदा पन्नास वर्षं कसा टिकला?

१९३९ मध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १९४७ मध्ये त्यांचं रूपांतर ‘मुंबई भाडे कायद्या’त झालं. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, तेच ‘प्रमाण भाडं’ ठरलं. कायदा ठरावीक मुदतीसाठी होता, पण ती मुदत वाढवत वाढवत तो २००० सालापर्यंत आणला गेला.

त्या वेळी हे चुकीचं होतं का? मला तसं वाटत नाही. १९४१ मध्ये साधारण १५ लाख असलेली मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. युद्धानंतर लगेच फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत ठेवावं लागलं. तेच आजचं उल्हासनगर. अशा वेळी भाडं मोकळं सोडलं असतं तर गिरगाव-परळमधला कारकून आणि कामगार रस्त्यावर आला असता. चूक झाली ती नंतर. परवडणारी भाड्याची घरं पुरेशी उभी राहिलीच नाहीत, आणि ती नाहीत म्हणून कायदाही उठवता आला नाही.

माणसं अशा कोंडीतून आपापली वाट काढतात. मुंबईने काढलेली वाट म्हणजे पागडी. खोली घेताना मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि पुढे नाममात्र भाडं भरत राहायचं. खोली दुसऱ्याला देताना मिळणाऱ्या पैशांत मालकाचाही वाटा. हा व्यवहार अनेक दशकं बेकायदा होता आणि सर्रास चालत होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्याला मान्यता दिली.

याचा परिणाम फक्त पैशांवर झाला नाही. खोली स्वस्त होती आणि सोडली तर परत मिळणार नव्हती, म्हणून कुटुंबं हललीच नाहीत. तीन-तीन पिढ्या एकाच गॅलरीत वाढल्या. चाळीचा गणपती, शेजारची वाटी, रात्री गॅलरीत पडणाऱ्या गाद्या, या सगळ्याच्या आपण आठवणी काढतो. ते जगणं टिकलं, त्यात प्रेमाइतकाच गोठलेल्या भाड्याचाही हात होता. लग्न ठरवताना ‘मुंबईत स्वतःची खोली आहे’ हे वाक्य पगाराइतकं वजनदार होतं, तेही यामुळेच. त्याच खोलीवरून भावाभावांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या.

इथे महायुद्धाचं दुसरं अपत्य उपयोगी पडलं: रेशन कार्ड. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. धान्याचं ते कार्ड पुढे राहण्याचा पुरावा बनलं. भाडेकरू वारल्यावर खोली कुणाची? कायदा म्हणतो, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाची. मग लघुवाद न्यायालयात रेशन कार्ड पुढे येतं आणि त्यावर सुनेचं नाव आहे का, गावी गेलेल्या मुलाचं नाव कापलं होतं का, यावर वाद रंगतो.

बिल कुणी भरलं?

आधी मालकाने. महिना वीस-पंचवीस रुपयांत पाणीपट्टीही निघत नाही, दुरुस्ती तर दूरच. त्यामुळे त्याने इमारतीकडे बघणं सोडलं आणि मग बिल भाडेकरूकडे आलं, टेकू लावलेल्या जिन्यांच्या रूपात. १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमलं गेलं. तरीही इमारती पडत राहिल्या. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसं गेली.

गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटलं होतं. नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण २००० साली १०० रुपये असलेलं भाडं चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांनी २७० च्या आतच राहतं. त्यात एक वेळचा गॅस सिलिंडरही येत नाही.

तेव्हा पुनर्विकास हाच मार्ग उरतो, आणि तिथे खरी लढाई आहे. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत सरकार ताब्यात घेऊ शकतं, अशी तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आली. मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडं वीस रुपये असेल तर एका खोलीमागे दोन हजार रुपये, तेही दक्षिण मुंबईत! मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत चढलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही. देशभर चर्चा झाली ती समाजवाद आणि संपत्तीच्या फेरवाटपाची. मूळ वाद मात्र १९४० च्या भाड्याचा होता.

बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या, म्हणून वरळीत चाव्या देता आल्या. पागडीच्या इमारतीत मालक, भाडेकरू आणि बिल्डर या तिघांचं जमावं लागतं. तोवर तिथे राहणाऱ्यांना दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते आणि त्यात आपलं नाव आहे का, एवढंच ते आधी बघतात.