कोळसा कापताना

लोबानसाठी किंवा हुक्क्यासाठी आणलेला कोळसा बारीक करायला कोणते हत्यार घ्यावे, हा काही संपादकीयाचा विषय नव्हे, असे कुणालाही वाटेल. तरीही या वेळी तोच घेतला आहे. आपल्या घरात, दर्ग्यात, उरुसाच्या मिरवणुकीत कोळसा कायम लागतो आणि तो पेटवण्याचे, उचलण्याचे, वाहून नेण्याचे काम बहुतेक वेळा तरुण मुलांकडेच येते. ते काम कसे करावे, हे मात्र त्यांना कुणी नीट शिकवत नाही.

याच कोळशावरच्या धुराने मे २०२३ मध्ये त्र्यंबकेश्वरचे नाव देशभर गाजवले. नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवरचे हे गाव म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि गोदावरीचे उगमस्थान. याच गावात हजरत गुलाबशाह वली बाबांचा उरूस भरतो. १३ मेच्या रात्री संदलची मिरवणूक मंदिराच्या उत्तर दरवाजापाशी आली. या मंदिरात अन्य धर्मीयांना प्रवेश नाही. मिरवणुकीतल्या लोकांनी आत शिरण्याचा प्रयत्न केला, असा आरोप झाला. आयोजकांचे म्हणणे होते की, आम्ही वर्षानुवर्षांच्या रिवाजाप्रमाणे पायरीवरूनच धूप दाखवतो, आत जायचे आमच्या मनातही नव्हते. चौघांवर गुन्हा दाखल झाला, राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, पायऱ्यांवर गोमूत्र शिंपडले गेले. हा रिवाज जुना आहे, असे सांगणाऱ्यांत गावातले हिंदूही होते.

कोळसा उगाळावा तितका काळा, म्हणून त्या रात्रीचा वाद इथे पुन्हा उगाळत नाही. एवढेच लक्षात ठेवू की लोबान ही कुणा एका धर्माची मालमत्ता कधीच नव्हती. सुमात्राकडून येणाऱ्या या डिंकाला अरबी व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपात जाऊन त्याच शब्दाचे ‘बेंझॉइन’ झाले. मराठी घरात त्याला ऊद म्हणतात. देवघरात ऊद जळतो, दर्ग्यात जळतो, आणि बाजारपेठेत संध्याकाळी फकीर लोबानदानी घेऊन फिरला की दुकानदार त्याचे नाव-गाव न विचारता गल्ल्यावर धूर घेतो. बाळाला धुरी देण्याची रीत दोन्हीकडच्या आज्यांना माहीत असते.

आता मुद्द्याचे. लोबान चांगला जळणे न जळणे हे बरेचसे कोळशाच्या आकारावर असते. मोठा, लालबुंद निखारा असला तर त्यावर टाकलेला लोबान उकळतो, करपतो आणि वास न येता नाकाला झोंबणारा काळा धूर येतो. लहान तुकड्याची आच बेताची असते. लोबान सावकाश वितळतो आणि चिमूटभरात काम होते. लहान तुकडा लवकर विझवताही येतो. म्हणून कोळसा कापायचा, आणि तो पेटवण्याआधीच कापायचा. पेटलेल्या कोळशावर हत्यार चालवले की ठिणग्या कुठे उडतील, याचा भरवसा नाही.

हत्यार कोणते, हे कोळशावर ठरते. बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला साधा लाकडी कोळसा, बाभळीचा वगैरे. त्याला लाकडाचे रेषे असतात. रेषेच्या दिशेने जुन्या सुरीचे पाते ठेवून वरून वरवंट्याने किंवा लहान हातोडीने हलकी टिचकी मारली की तो सरळ चिरतो. आडवा घाव घातला तर भुगाच हाती येतो. खलबत्ता या कामाचा नाही, कारण त्यात कोळशाची पूड होते.

दुसरा प्रकार म्हणजे गोल टिकिया. काडी लावताच तडतडत पेट घेते, कारण तिच्यात सोरा मिसळलेला असतो. ही ठिसूळ असते. दोन्ही अंगठ्यांनी दाबूनही अर्धी होते, पण तुकडे वेडेवाकडे पडतात. इथे आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता फार उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंनी सारखा दाब येतो आणि टिकिया नीट दुभंगते. फक्त सुपारीचा अडकित्ता आणि कोळशाचा अडकित्ता वेगळा ठेवा. जुना, धार गेलेला चालतो.

तिसरा नारळाच्या करवंटीचा चौकोनी कोळसा, साधारण २५ मिलिमीटरचा. हा करवंटीचा कोळसा दळून, चिकीने बांधून, दाबून केलेला असतो आणि चांगलाच कडक असतो. अडकित्त्यात घातला तर अर्धा हातात आणि अर्धा भिंतीवर. यासाठी लोखंड कापायच्या बारीक दातांच्या करवतीचे पाते घ्या. ठोकळा लाकडी फळीवर दोन खिळ्यांच्या आधाराने अडकवा, चारही बाजूंनी थोडी खाच पाडा आणि मग हाताने मोडा. एका ठोकळ्याचे सारखे चार तुकडे निघतात. पात्याच्या उघड्या टोकाला कापड गुंडाळा. फरशी कापायच्या विजेच्या यंत्राने गठ्ठाच्या गठ्ठा कापायच्या फंदात पडू नका. कोळशाची हवेत उडालेली बारीक पूड ठिणगीने पेट घेते आणि छातीत जाते ती वेगळी.

कोणतेही हत्यार असो, काम उघड्यावर, वर्तमानपत्र पसरून, तोंडाला ओला रुमाल बांधून करावे. कोळसा दमट असेल तर आधी उन्हात टाकावा, नाहीतर पेटताना फुटून उडतो. पेटलेला तुकडा लांब चिमट्यानेच उचलावा. लोबानदानीच्या तळाशी वाळू किंवा राख घालावी, म्हणजे भांडे तापून हात भाजत नाही. वर राखेचा पांढरा थर आल्याशिवाय लोबान टाकू नये. मिरवणुकीत जाळीदार झाकण हवे आणि धूप धरणाऱ्याच्या मागे वाळूची बादली घेतलेला एक जण हवा. उरलेला निखारा कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात कधीच नाही. राखेखाली तो तासन्‌तास धगधगत राहतो.

कुणी म्हणेल, म्हणजे आपल्यावर आळ येऊ नये म्हणून आपणच चोख राहायचे का? नाही. लोबान घेऊन रस्त्याने चालण्याचा हक्क आपल्या चोख वागण्यावर अवलंबून नाही. तो नागरिक म्हणून आहेच. काळजी घ्यायची ती मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालणाऱ्यासाठी, वडिलांच्या कडेवर बसलेल्या पोरीच्या डोळ्यांसाठी. ती अंगातली शिस्त आहे, कुणाला दाखवायचे प्रमाणपत्र नव्हे.

हीच शिस्त घरातही हवी. पेटता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरते. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असे नाही. म्हणून थंडीत दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणे किंवा तान्ह्या बाळाला कोंडलेल्या खोलीत धुरी देणे बंद झाले पाहिजे. आज्यांना हे समजावणे तुमच्याकडेच आहे. त्या ओरडतील, पण ऐकतील.

आणि आता हुक्का. कोळसा कापायचे हत्यार विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते त्यासाठीच हवे असते, हे आम्हाला कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या टिपणानुसार, तासाभराच्या एका हुक्का बैठकीत माणूस एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर ओढू शकतो. पाण्यातून आलेला धूर स्वच्छ होतो, हा गैरसमज आहे. तंबाखूऐवजी नुसता ‘हर्बल’ मसाला भरला तरी वर कोळसा तोच असतो आणि त्याचा वायूही तोच. तुकडा बारीक केल्याने लोबान करपत नाही हे खरे, पण फुप्फुसाला त्यातून कोणतेही अभय मिळत नाही.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ जण दगावले, बरेचसे गुदमरून. अग्निशमन दलाच्या चौकशीने हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. हुक्का पार्लर चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पार्लर बंद झाली तेव्हा हुक्का मित्राच्या खोलीवर आला, म्हणजे आणखी लहान आणि आणखी बंद जागेत. काही जण त्याला आपल्या तहजीबीचा भाग म्हणतात. नवाबांच्या चित्रात हुक्का आहे, हे कबूल. पण त्या चित्रात मोकळे दालनही आहे, दहा बाय दहाची खोली नाही. तेव्हा हुक्क्याचा कोळसा कशाने कापावा, याला आमचे उत्तर एकच आहे: तो आणूच नये.

लोबानचा मात्र जरूर कापा, आणि नीट कापा. आपल्या गावच्या उरुसाला अजून अवकाश असेल, तर संदल कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. एक जुना अडकित्ता, एक करवतीचे पाते, दोन लांब चिमटे, झाकणाचा पत्र्याचा डबा आणि वाळूची बादली, एवढे सामान फार खर्चाचे नाही. लोबानदानी ज्या मुलाच्या हाती द्यायची, त्याला आधी एक संध्याकाळ बसवून हे सगळे शिकवा. शेजारच्या आळीतल्या गणेश मंडळाची मुलेही आरतीला धूप जाळतात. त्यांनाही त्या संध्याकाळी बोलवा.