मैदान मालकांचे, ऊन प्रेक्षकांचे

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी गहुंजे येथील मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. प्रेक्षागाराच्या मोठ्या भागावर छत नव्हते, बाहेरून पाणी आत नेण्यास बंदी होती, आणि दुपार होता होता आतले पिण्याचे पाणी संपले. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांनी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनविरुद्ध घोषणा दिल्या, तेव्हा कुठे फुकट बाटल्या वाटण्यात आल्या. असोसिएशनने दिलगिरी व्यक्त केली. पाण्याची वाहने रहदारीत अडकली, असेही एक कारण पुढे आले. भारत तो सामना ११३ धावांनी हरला आणि बारा वर्षांनंतर मायदेशातील मालिका गमावून बसला. वर्तमानपत्रांचे रकाने त्या पराभवाच्या चिकित्सेने भरून गेले. तहानलेल्या प्रेक्षकाची गोष्ट मागे पडली.

ती मागे पडू देणे योग्य नाही. पाण्याची गाडी ज्या रहदारीत अडकते, त्याच रहदारीत प्रेक्षकही अडकतो, आणि ती रहदारी काही आकाशातून पडलेली नाही. मैदान कोठे बांधायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या निर्णयातच ती होती.

हा निर्णय शिरूर आणि दौंडच्या प्रेक्षकाच्या बाजूने पाहावा. दौंडचा रेल्वे कामगार सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास करून पुणे स्टेशनवर उतरतो. शिरूरला रेल्वे नाही. रांजणगावच्या कारखान्यातला कामगार पाळी बदलून घेतो आणि एस.टी.ने सुमारे ७० किलोमीटर कापून पुण्यात येतो. पूर्वी सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. ते महानगरपालिकेचे मैदान. शहरात आलेला माणूस तेथे बसने, नाहीतर पायी जाई. १९९६ च्या विश्वचषकात केनियासारख्या नवख्या संघाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, ते याच मैदानावर. नेहरू स्टेडियम आदर्श होते असे कोणी म्हणणार नाही. ते जुने होते आणि अपुरे होते. परंतु त्याच्या दारापर्यंत गरिबाला पोहोचता येत होते.

२०१२ पासून क्रिकेट गहुंज्याला गेले. मावळातले हे गाव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून आहे. मोटार बाळगणाऱ्याला यासारखी सोय नाही. एस.टी.ने किंवा रेल्वेने येणाऱ्याचा प्रवास मात्र पुण्यात संपत नाही. तेथून लोकलने देहूरोड, आणि पुढे रिक्षावाला मागेल ते भाडे. रात्री अकराच्या सुमारास सामना संपल्यावर दौंडच्या माणसाने घरी कसे परतावे? सुमारे ३७ हजार माणसे बसतील असे मैदान आखणाऱ्यांना हा प्रश्न पडला नाही, कारण ज्यांच्यासाठी ते आखले, त्यांना तो कधीच पडत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, संस्था खासगी आहे, तिने स्वतःच्या पैशाने मैदान उभारले, ज्याला परवडत नाही त्याने घरी दूरचित्रवाणीवर सामना पाहावा. हे स्वतःचे पैसे कोणाचे, ते एकदा तपासलेच पाहिजे. २०१८ साली कर्जाची सुमारे ६९ कोटींची थकबाकी भरली गेली नाही म्हणून बँकांनी या मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. त्या बँकांच्या अग्रभागी बँक ऑफ महाराष्ट्र होती, म्हणजे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांच्या आणि पगारदारांच्या ठेवी सांभाळणारी सरकारी बँक. काही काळ याच मैदानावर सहारा उद्योगसमूहाच्या प्रमुखाचे नाव झळकत होते. ठरलेली रक्कम मिळेना, तेव्हा ते उतरवण्यात आले. त्याच समूहाच्या कंपन्यांना २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला होता. कर्ज लोकांच्या ठेवींतून, कमानीवरचे नाव लोकांचे पैसे परत न देणाऱ्याचे, आणि मैदान मात्र खासगी! असा हा हिशेब आहे.

पाण्याचा हिशेब याहून कडू आहे. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला आणि तिघे जण ठार झाले. पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये गहुंज्याच्या मैदानासाठी याच पवनेचे पाणी उचलण्यास मुंबई उच्च न्यायालयाला मनाई करावी लागली. दोन वर्षे आधी, २०१६ च्या दुष्काळात, याच न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले होते. दौंडचे पीक मुठा उजव्या कालव्याच्या आवर्तनावर उभे असते, शिरूरचे चासकमान आणि घोडच्या पाण्यावर. आवर्तन लांबले की काय होते, हे तेथील क्रिकेटवेड्या तरुणाला कोणी शिकवायला नको. तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे. खेळपट्टीसाठी नदीवर नजर असलेल्या व्यवस्थेला त्याच्या घोटभर पाण्याची तरतूद करता येऊ नये, यातच तिचा अग्रक्रम उघडा पडतो.

संघांच्या मालकांची तऱ्हाही निराळी नाही. सहाराचा पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला. रायझिंग पुणे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये अदृश्य झाला. फुटबॉलमध्ये पिरामल समूहाने पुणे एफ.सी. बंद केला, बालेवाडीत खेळणारा एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. ज्यांनी त्या संघाचे रंग अंगावर मिरवले, घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या, त्यांना कोणी एका शब्दाने विचारले काय? गिरणी बंद करताना मालक कामगाराला जेवढे विचारतो, तेवढेच.

येथे चळवळीतील एका जुन्या खोडीचाही समाचार घेणे प्राप्त आहे. क्रिकेट म्हणजे जनतेला गुंगवणारी अफू, असे म्हणून अनेक कार्यकर्ते हा विषय झटकून टाकतात. बैठक सामन्याच्या दिवशी ठेवायची आणि तरुण येत नाहीत म्हणून तरुणांनाच नावे ठेवायची, हा प्रकार नवा नाही. जो माणूस पगारातले पैसे बाजूला काढून तिकीट घेतो आणि उन्हात बसून घोषणा देतो, त्याच्या रागात आपल्या हक्काची जाणीव आहे. तिला संघटित रूप देण्याचे सोडून तिची टिंगल करणे, ही मालकांची सेवाच होय.

असा राग संघटित झाला की काय घडते, याचे उदाहरण दूरचे असले तरी बोलके आहे. लिव्हरपूल या गोदी कामगारांच्या शहरात फुटबॉल क्लबच्या मालकांनी मैदानाचे मुख्य प्रेक्षागार वाढवताना सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले. २०१६ च्या फेब्रुवारीत, सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला, हजारो प्रेक्षक जागेवरून उठून चालते झाले. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि ती दरवाढ मागे घेतली. जर्मनीत तर मोजके अपवाद वगळता व्यावसायिक क्लबातील बहुमत सभासदांच्या हाती राहिले पाहिजे असा नियमच आहे. याउलट मुंबईत ब्रेबोर्न असताना जवळच वानखेडे उभे राहिले, ते क्लब आणि असोसिएशन यांच्यातील जागांच्या वाटणीच्या भांडणातून. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडचे अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बडवले आणि मैदान पेटले. खुर्च्यांची चिंता सर्वांना होती. खुर्चीवर बसणारा माणूस मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता.

त्याला हिशेबात आणण्याचे काम तालुक्यापासून सुरू झाले पाहिजे. प्रत्येक सामन्याला दौंड आणि शिरूरसाठी परतीची गाडी, फुकट पिण्याचे पाणी, डोक्यावर सावली, मोबाइल नसलेल्यालाही खिडकीवर मिळणारी स्वस्त तिकिटे, असोसिएशनचे जमाखर्च लोकांसमोर, आणि तिच्या कारभारात प्रेक्षकांचे व तालुक्यातील खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी, या मागण्या अवास्तव नाहीत. राज्य सरकारने २०२२ साली तालुका क्रीडा संकुलाचे अनुदान १ कोटीवरून ५ कोटींवर नेले. त्या पैशाचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे, कारण गहुंज्याला जाऊन पाहण्याच्या हक्काइतकाच आपल्या गावात खेळण्याचा हक्कही मोलाचा आहे.

गहुंज्याला त्या दुपारी घोषणा झाल्या म्हणून पाणी मिळाले. शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांनी एवढा धडा घेतला तरी पुष्कळ झाले.