विश्लेषण : घरात दोन गाड्या असताना विम्याच्या अर्जावरील एक सही महागात का पडू शकते?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दारात दुसरी गाडी यायला फार वर्षे लागत नाहीत. विमा घेताना मात्र सगळे लक्ष हप्त्यावर असते. पेनसिल्वेनिया राज्यात याच घाईत एक महत्त्वाचे संरक्षण हातचे जाऊ शकते.

हे संरक्षण कशासाठी?

पेनसिल्वेनियात वाहन विमा सक्तीचा आहे. तरीही काही जण विनाविमा गाडी चालवतात, काही धडक देऊन पळून जातात. विमा असला, तरी दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा एका जखमीमागे १५ हजार डॉलर आणि एका अपघातासाठी ३० हजार डॉलर इतकीच आहे. गंभीर दुखापतीत ही रक्कम तोकडी पडते.

अशा वेळी आपल्याच पॉलिसीतील ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ संरक्षण कामी येते. समोरच्याचा विमा अपुरा असेल, तर ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ संरक्षण. दोन्ही देऊ करणे कंपनीवर बंधनकारक आहे. घेणे ग्राहकाच्या मर्जीवर. नको असेल तर तशी लेखी सही द्यावी लागते. ही भरपाई शारीरिक इजेची असते, गाडीच्या दुरुस्तीची नव्हे.

दोन गाड्या असल्या की काय बदलते?

येथे ‘स्टॅकिंग’ येते, म्हणजे गाड्यांच्या मर्यादांची बेरीज. दोन गाड्यांवर प्रत्येकी १ लाख डॉलरचे संरक्षण असेल, तर जखमी सदस्याला २ लाखांपर्यंत दावा करता येतो. स्टॅकिंग नाकारणारी सही केली असेल, तर मर्यादा १ लाखच. स्टॅकिंगसाठी हप्ता अर्थातच जास्त असतो.

न्यायालयाची भूमिका काय?

एका ग्राहकाने मोटरसायकल आणि दोन कार यांच्यासाठी एकाच कंपनीकडून वेगवेगळ्या पॉलिसी घेतल्या होत्या. स्टॅकिंगचे पैसेही भरले होते. मोटरसायकलवर अपघात झाल्यावर कंपनीने पॉलिसीतील अपवादाचे कलम पुढे करून कारच्या पॉलिसीतून भरपाई नाकारली. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम अमान्य केले. मात्र ज्या वाहनावर अपघात झाला त्याच्या पॉलिसीत हे संरक्षण मुळातच नसेल, तर असे कलम लागू होऊ शकते, असे याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मग काय करावे?

घरातील प्रत्येक वाहनाची पॉलिसी काढून हे संरक्षण आहे का आणि स्टॅकिंग नाकारले आहे का, ते पाहावे. दुसऱ्या राज्यात घर हलवल्यास नियम पुन्हा तपासावेत. शेजारच्या न्यू जर्सीत स्टॅकिंगला परवानगी नाही.

ऐच्छिक म्हणजे अनावश्यक नव्हे. हप्त्यात वाचणारे डॉलर लगेच दिसतात; सोडून दिलेले लाख डॉलर मात्र अपघातानंतरच कळतात. म्हणून नकाराची सही करण्यापूर्वी दोन्ही पर्यायांचे हप्ते लेखी मागून घ्यावेत.