नॉन-बीटीची पुडी आणि कॅन्सरचं औषध

"ताई, आधी गाठ बसली, मग तेच औषध लागू पडेना. माझंच काही पथ्यपाणी चुकलं का हो?" देवळीकडच्या आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी मला विचारलं. यजमानांना कॅन्सर, आणि दोष बाईच्या माथी! सासूबाई तर तसं बोलूनही दाखवतात.

मी बी.ए. झालेली, मला त्यातलं काय कळणार? पण वाचत गेले आणि उत्तर आपल्या वर्ध्याच्या पऱ्हाटीतच सापडलं.

बीटी सरकीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची, आठवतं? ती धुऱ्याकडेने लावायची, म्हणजे साध्या अळ्याही जगतील आणि बीटी पचवणाऱ्यांचंच राज्य होणार नाही. आमच्याकडे ती पुडी कोठीत पडून राहायची, खोटं कशाला बोलू! पुढे 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं काय केलं, ते सांगायला नको.

गाठीतही तसंच असतं. सगळ्या पेशी सारख्या नसतात. औषधाने मरणाऱ्या मरतात. चिवट मोजक्या उरतात आणि मोकळी जागा मिळाली की फोफावतात. यात वहिनींचं पथ्य कुठे आलं?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या डॉ. रॉबर्ट गेटनबी यांनी शेतातल्या किडींवरूनच धडा घेतला. कोणत्या पेशी किती वेगाने वाढतात, एकमेकींना किती दाबतात, याचं गणित मांडलं. (शेतात पतंगांची लग्नं लागतात, गाठीत पेशींची जागेसाठी भांडणं; एवढा फरक.) गणित म्हणालं, साध्या पेशी थोड्या राखा, त्याच चिवटांना दाबून ठेवतील. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या 11 रुग्णांवर हे करून पाहिलं. रक्तातला पी.एस.ए.चा आकडा निम्म्यावर आला की औषध बंद, पूर्वीइतका चढला की पुन्हा सुरू. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. एरवी साधारण साडेसोळा महिन्यांत उसळणारा आजार निम्म्याहून कमी औषधात निदान 27 महिने थोपला होता.

पण मैत्रिणींनो, हे वाचून घरच्या गोळ्या मनाने बंद करू नका हं! तिथे दर महिन्याला रक्त तपासून डॉक्टर ठरवत होते. शिवाय रुग्ण अगदी थोडे, आणि प्रत्येक कॅन्सरचं गणित वेगळं.

माझं म्हणणं एवढंच, की औषध का थकलं हे डॉक्टरांनी घरच्या बाईला पाच मिनिटं बसवून सांगावं. पऱ्हाटीचं उदाहरण दिलं तर आमच्याकडे कुणालाही कळतं. वहिनींना मी तसंच सांगितलं. पुढच्या खेपेला त्या सासूबाईंनाही दवाखान्यात घेऊन जाणार आहेत.